दुमडलेलं पान

माहा लेक धर्मपाल तापानं गेला अन् वस्तीतलं वाचन बंद पडलं. लोकं दोन्हीचं दुःख संगच करून राह्यले होते, अन् त्याचाच मले राग यायचा.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवा घरातले देव नदीत सोडले. भिंतीतला कोनाडा रिकामा झाला. गावात पुस्तकांची पेटी आलती, पण ठेवली मंदिरात. तिथं आमाले कोन बसू देते? धर्मपाल सातवी शिकलेला. दिग्रसच्या ग्रंथालयात जाऊन भांडला अन् वस्तीसाठी निराळी पेटी डोक्यावर घेऊन आला. एक पेटी परत केली का दुसरी यायची. पुस्तकं त्यानं त्या कोनाड्यात मांडली.

दिवे लागले का सारी वस्ती आमच्या ओट्यावर. तो वाचायचा, बाया तूर निवडत ऐकायच्या. शेवटचं पुस्तक एका म्हाताऱ्याचं होतं. त्याचा बैल हरवते अन् तो बाजारोबाजार धुंडत फिरते. शेजारचे बाबाराव तं असे चिडायचे जसा त्याईचाच बैल! "अबे, पुसदच्या बाजारात पाह्य म्हना त्याले!" धर्मपाल हसायचा अन् पानाचा कोपरा दुमडायचा. पुढचं एकट्यानं कधी वाचायचा नाही. म्हणे, सगळ्याईसंगच ऐकीन.

"बाकी उद्या," म्हणून त्यानं पुस्तक मिटलं, अन् त्याच रात्री अंग तापलं. तो ओट्यावर पुन्हा बसलाच नाही.

ते पुस्तक मी लुगड्यात गुंडाळून संदुकीत दडवलं. त्याच्या बोटाची तेवढीच खूण उरली होती, कायले देऊ कोणाले?

उन्हाळ्यात दिग्रसचा नवा कारकून घनश्याम नवी पेटी बैलबंडीत घेऊन आला. जुनी पुस्तकं मोजली. एक कमी.

"ते भेटलं नाही तर ही पेटी दुसऱ्या गावाला द्यावी लागेल," म्हणाला, अन् कडुनिंबाखाली जाऊन बसला.

साऱ्याईनं माह्याकडं पाह्यलं.

"पंचफुला, दे न वं बाई," बाबाराव म्हणाले. "त्या बैलाचं काय झालं तेही समजन."

"तुमाले बैलाची पडली? माहा लेक गेला ना, बाबाराव!" मी अशी कडाडले का म्हातारा मुकाट्यानं ओट्यावरून उतरला.

मंग माही सून कोकिळा पुढं आली. लग्न झाल्यापासून धर्मपाल तिले अक्षरं शिकवून राह्यला होता. "आई, देऊन टाकू," ती म्हणाली, "पण आधी वाचू. त्याईनं मले कायले शिकवलं मंग?"

तिच्या कोऱ्या कपाळाकडं पाह्यलं अन् मी उठले. संदूक उघडली. पुस्तक देताना एवढंच म्हटलं, "कोपऱ्याले हात नको लावू."

भर दुपारी वस्ती जमली. कोकिळा बोट ठेवून वाचायची, जोडाक्षर आलं का अडायची. शेवटी एका लांबच्या बाजारात म्हाताऱ्यानं हाक मारली, अन् गर्दीतून बैलानं मान वळवली.

"भेटला!" बाबाराव ओरडले. पोरं नाचली, बाया डोळे पुसत हसल्या. अन् माहा जीव असा तुटला का काय सांगू! इतके दिवस त्याच्यासंग बैल धुंडला आम्ही. साऱ्या वस्तीले समजलं, फक्त माह्या लेकाले मालूम नाही झालं का बैल भेटला.

मी स्वतः पुस्तक नेऊन घनश्यामले दिलं. त्यानं पानं चाळली, कपाळाले आठ्या घातल्या.

"हे पान कोणी दुमडलं? अशानं पुस्तकं फाटतात, बाई." त्यानं कोपरा उलगडला अन् अंगठ्यानं घासून घासून सपाट केला. "पुन्हा दुमडू नका."

"नाही साहेब," मी म्हटलं. "आता नाही दुमडणार तो."