ठिपक्याच्या मागे

हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि पडद्यावरचा हिरवा ठिपका सरकेल तशी नजर सरकवायची. डोकं हलवायचं नाही. काम एवढंच होतं. पण मिनलचे डोळे आज कुणाच्या बापाचं ऐकायला तयार नव्हते. ठिपका संथपणे पुढे जायचा, तिची नजर मागे रेंगाळायची आणि मग दचकल्यासारखी उडी मारून त्याला गाठायची. "रिलॅक्स," टेक्निशियन बाई म्हणाल्या. रिलॅक्स म्हणायला त्यांचं काय जात होतं!

तिच्या आधी याच खुर्चीत तिचा धाकटा भाऊ सौरव बसला होता. त्याच्या नजरेची रेष बाजूच्या मॉनिटरवर पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली तिने पाहिली होती. उठता उठता तिने स्वतःची पाहिली. तिलाही तशाच पायऱ्या.

धंतोलीतल्या या दवाखान्यात डॉ. कामिनी सौरवच्या स्किझोफ्रेनियावर बरीच वर्षं उपचार करत होत्या. हल्ली त्यांनी एक अभ्यास हाती घेतला होता. हा आजार रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. पण डोळ्याचा आतला पडदा म्हणजे मेंदूचाच बाहेर डोकावणारा भाग, तेव्हा त्या पडद्याच्या जाडीत किंवा नजरेच्या चालीत आजाराची काही खूण मिळते का, हे त्यांना शोधायचं होतं. रुग्णांचे डोळे तपासायचे आणि सोबत त्यांच्या धडधाकट भावाबहिणींचेही. मिनल आली होती ती धडधाकट बहीण म्हणून.

बाहेरच्या बाकावर ती बसली, उठली, कूलरपर्यंत जाऊन आली, पुन्हा बसली. पाय थांबतच नव्हते.

"काहून वं, मुंग्या आल्या का पायाले?" आईने विचारलं.

"काही नाही," मिनल म्हणाली आणि परत उठली.

गेले काही महिने हे असंच चाललं होतं. खापरखेड्याच्या कॉलनीत ती दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. आता वर्गभर नुसत्या येरझाऱ्या. सकाळी डोकं जड, आणि मुलांनी काही विचारलं तर उत्तर जिभेवर यायला वेळ. सौरवचंही असंच सुरू झालं होतं; आधी झोप, मग चुळबूळ, मग आवाज. आवाज तिला अजून आले नव्हते, पण स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी ती आधी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायची, त्यांनाही ऐकू आलं ना म्हणून. जीव मुठीत धरून जगत होती बिचारी. सांगणार कुणाला? आईला? एका लेकरापायी ती आधीच अर्धी झाली होती.

आई सौरवच्या हनुवटीवरची लाळ रुमालाने टिपत होती. दिवाळीनंतर त्याचा डोस वाढवल्यापासून तो असाच अर्धवट झोपेत असे. वाढवावाच लागला, कारण त्याच्या डोक्यात नवं खूळ शिरलं होतं: आई ताईच्या दुधात काहीतरी टाकते. रोज मिनलचा पेला हिसकायचा आणि मोरीत ओतायचा. शेवटी मिनलनेच ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. गोळी वाढली, खूळ गेलं. बोलणंही गेलं.

आत बोलावलं तेव्हा सौरव बाकावरच राहिला. मायलेकी डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, मलेही तेच होऊन राहिलं ना?" मिनलने बसायच्या आधीच विचारलं.

"या रेषेवरून एकट्या माणसाचं काहीच सांगता येत नाही हो. पुष्कळ लोकांच्या रेषा एकत्र ठेवल्या तरच काही कळलं तर कळेल. दमलेल्या माणसाची नजरही अशी उड्या मारते. गोळ्यांनीही मारते." बोलता बोलता डॉक्टर टेबलाच्या कडेने तिच्या पायांकडे बघत होत्या. "हे पाय असे कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"अशी चुळबूळ मी रोज बघते. बहुतेकदा ती आजाराची नसते, आजाराच्या गोळीची असते. तुम्ही सौरवची गोळी घेता का?"

"मी? मी काहून घेईन?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मीच देत होती," आई म्हणाली. "अर्धीच. दुधात. त्याची नाही कमी केली मॅडम, चिठ्ठी दाखवून गोळ्यांची जास्तीची पत्ती आणत होती. लहानपणी एकाचे डोळे आले तर थेंब मी दोघांच्याही डोळ्यांत टाके. एकाले जंत झाले तर औषध दोघांले. असंच निभावलं मी. एक लेकरू हातचं गेलं, दुसऱ्याले व्हायची वाट पाहू का मी?"

मिनलला आधी काय वाटलं? आनंद. निव्वळ, निर्लज्ज आनंद. मला काही झालेलं नाही! ती चक्क हसली. मग मोरीत ओतलेले पेले आठवले आणि ती आईकडे वळली.

"अन् तो सांगत होता तवा? मी मॅडमले सांगतलं तवा तू इथंच तर बसून होती!"

"घाबरली होती वं मी."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तो डोस मी वाढवला होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग मिनलची गोळी आजपासून बंद, तिची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा, सौरवचा डोस हळूहळू खाली, असं सगळं समजावून सांगितलं. "आणि त्याला खरं सांगा. त्याचा हक्क आहे तो."

मिनल बाहेर आली आणि सौरवच्या पुढ्यात उकिडवी बसली. त्याचे दोन्ही हात धरले.

"सौरव, ऐक गा. दुधात गोळी होती. आईच टाकत होती. तू खरं बोलत होता, तुले भास नव्हता झाला. माहं चुकलं."

तो चिडेल, रडेल, निदान हात झटकेल, असं तिला वाटलं होतं. त्याने यातलं काहीच केलं नाही. तिच्याकडे बघता बघता त्याचा चेहरा भीतीने पांढरा पडला.

"मंग ते लोकं?"

"कोणते?"

"मले मरून जा म्हणते ते. ते बी खरेच होय का?"

"नाही रे बाबा! ते नाही खरे. ते तुह्या मनातलं आहे, तिथं कोणी नाही."

"दुधाचं बी तू असंच म्हणे ताई," सौरव म्हणाला.