योग्य ते सत्य

आमच्या रुग्णालयाची सर्वमान्य मूल्यं ठरवायला चार शहाणे तीन महिने बसत होते. मी तिथली कारकून. माझं काम इतिवृत्त लिहायचं आणि ही माणसं नाकाने कांदे सोलताना बघायचं.

रोग्याला खरं सांगायचं की नाही, इथे घोडं अडलं होतं. मोठे सर्जन म्हणायचे, सत्य. मेट्रनबाई म्हणायच्या, दया. मॅनेजर म्हणायचे, शिस्त. चौथे विश्वस्त, जो शेवटी बोलेल त्याच्याशी ते सहमत. व्यक्ती तितक्या प्रकृती हे मलाही कळतं, पण यांच्या प्रकृतीला दर तासाला चहा लागायचा. एके संध्याकाळी वैतागून मीच एक ओळ खरडून दिली: 'रोग्यास योग्य वेळी योग्य ते सत्य सांगावे.' चौघांचे चेहरे खुलले. ज्याने त्याने त्या 'योग्य'मध्ये आपापला अर्थ कोंबला आणि टाळ्या वाजवल्या, निर्लज्जांनी.

पुढच्याच आठवड्यात माझ्या धाकट्या नणंदेविरुद्ध तक्रार आली. ती तिथेच नर्स. एका म्हाताऱ्याने तिला विचारलं होतं, "सिस्टर, मी वाचेन का?" घरच्यांनी त्याच्यापासून सगळं लपवलेलं. ती म्हणाली, "नाही हो, काका. कुणाला भेटायचंय का?" त्याने वीस वर्षं तोंड न बघितलेल्या भावाला बोलावून घेतलं. मुलगे खवळले.

समिती बसली.

"सत्य योग्यच होतं, पण वेळ चुकली," सर्जन म्हणाले.

"वेळेचं काही नाही हो, सत्यच योग्य नव्हतं," मेट्रनबाई म्हणाल्या.

"योग्य काय ते ठरवणारी ही कोण?" मॅनेजर म्हणाले.

विश्वस्तांना तिघांचंही पटलं. तीन महिने ज्यांचं एका शब्दावर जमत नव्हतं, त्यांचं तिला काढून टाकण्यावर दहा मिनिटांत एकमत झालं. मला किळस आली. पत्र मीच टाइप केलं आणि घरी घेऊन आले.

ती दुसऱ्या दिवशीच्या गणवेशाला इस्त्री करत होती. पत्र वाचून तिने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"त्या चौघांचं सोड, वहिनी. तू होतीस ना तिथे? तू काय म्हणालीस?"

"मी लिहीत होते गं."

मी त्या चौघांकडे बघते ना, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.