टायरातला काटा

प्रणितानं मनाशी गाठ मारली होती: आज नवऱ्याला गोळी गिळायला लावीन, नाहीतर नावाची प्रणिता नाही! आणि नवरा काय करत होता? तिची बॅग भरून आपल्या पंक्चरच्या दुकानातल्या बाकड्यावर आणून ठेवत होता. आत्ताच्या एसटीनं तिला घाटंजीला, माहेरी धाडायचं. परत कधी आणणार, ते विचारलं की गप्प.

झालं होतं असं. लग्नाला वर्ष होत आलं आणि तिला अंगावरून पातळ, राखट पाणी जायला लागलं. वास म्हणाल तर सडक्या मासळीचा, नवऱ्याजवळ गेल्यावर तर जास्तच. पोरगी लाजेनं अर्धी झाली. शेजारणीनं सांगितलं, तुरटीच्या पाण्यानं आतून धू. फुकटचा सल्ला, दुसरं काय! धुऊन धुऊन दुखणं वाढलं. यवतमाळच्या डॉक्टर शुभदा मॅडमच्या गोळ्यांनी बरं वाटलं, पण पुन्हा उलटलं. पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच. तेव्हा नवरा, अवधूत, म्हणाला, "मले तं काहीच नाही. तुलेच काहून होते? कुठून आणलं?" हा शब्द तिच्या जिव्हारी लागला.

या खेपेला मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं, "यात कोणाचं पाप नाही गं. आतले चांगले जंतू कमी झाले की वाईट माजतात. आतून धुणं आधी बंद कर. संबंधातून हे जंतू नवऱ्याकडं जातात, त्याला कळतही नाही, आणि तिकडून पुन्हा तुझ्याकडं येतात. दोघांनी एकदमच औषध घ्या, म्हणजे उलटायची भीती कमी. तोवर जवळ येऊ नका." तिच्या गोळ्यांसोबत त्याच्यासाठीही गोळ्या आणि मलम दिलं होतं. त्याची पुडी अवधूतनं हातही न लावता फळीवर टाकून दिली होती.

तेवढ्यात नेहमीचे गिऱ्हाईक नागोराव मोटरसायकल ढकलत आले. मागचं चाक पुन्हा बसलेलं.

"ट्यूब जोड अन् दे लवकर," ते घामाघूम होऊन म्हणाले.

अवधूतनं ट्यूब जोडली, पण चढवली नाही. टायरच्या आतून तळहात फिरवत राहिला. ही त्याची रीतच होती. गिऱ्हाईक कितीही बोंबलो, हात फिरवल्याशिवाय तो ट्यूब घालत नसे.

"कायले येळ लावतं बे?"

"काका, ट्यूब कितीबी जोडा, काटा टायरात राह्यला तं केळापूरच्या फाट्यावर पुन्हा बसन." त्यानं बाभळीचा काटा उपसून त्यांच्या हातावर ठेवला.

नागोराव गेले. प्रणिता पुडी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"मंग मले एकटीलेच कायले जोडून राह्यले? टायरात हात कधी फिरवसान?"

अवधूतचा चेहरा पडला. "म्हणजे काटा मह्यात हाये?"

"दोघांत असन. कोणापासून आला, थे मॅडमलेबी सांगता येत नाही. आत्ता काकाले इचारलं का तुमी, काटा कुठून आणला म्हणून?"

अवधूत आपल्या काळ्या तळहाताकडं बघत राहिला.

"मी चोरी केली नाही. माहेरी तोंड लपवाले जानार नाही. दवाई घ्याची तं दोघांनी घ्याची."

एसटी येऊन थांबली. कंडक्टर ओरडला, "घाटंजीऽऽ! चाला, बसा लवकर!"

अवधूतनं बाकड्यावरची बॅग उचलली. त्यानं ती बॅग आत नेऊन खाटेखाली सरकवली आणि दारातून हात हलवला.

"जाऊ द्या, कोणी नाही येत."

एसटी धुरळा उडवत गेली. त्यानं साबणानं हात खसाखसा धुतले, तिच्या हातातली पुडी घेतली आणि खाली मान घालून म्हणाला, "पाणी आण."

प्रणितानं दोन गिलास भरून आणले.