लोआचा गडी

थोरगिल्सने गरम पाण्याच्या कुंडात एक पाय टाकला, तोच कोपऱ्यातून म्हातारा केटिल ओरडला,

“लोआ मघाशीच पलीकडच्या तलावात पोहायला उतरली. म्हटलं, गडी अजून कसा आला नाही!”

कुंडातले सगळे खो खो हसले.

वसंतात माळावर सोनेरी लोआ पक्षी उतरले की त्यांच्यापाठोपाठ लांब चोचीचा एक चिमुकला पक्षी येतो आणि सावलीसारखा त्यांच्या मागे फिरतो. त्याचं नावच मुळी ‘लोआचा गडी’. गावातल्या ओलोफलाही लहानपणापासून सगळे लोआच म्हणत. ती विधवा, हा बिनलग्नाचा. गेली तीन वर्षं थोरगिल्स तिची कुंपणं नीट करी, तिचं गवत भरून देई, आवाजाचा पत्ता नसताना चर्चच्या गायनात तिच्या मागच्या रांगेत उभा राही. नाव चिकटायला आणखी काय हवं?

एरवी तो हसण्यावारी नेई. त्या दिवशी मात्र शब्द लागला. दुसरा पायही न टाकता तो तसाच घरी गेला. मेंढ्या विण्याचे दिवस होते, तरी दुसऱ्या दिवशी तो लोआकडे फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो माळावर स्वतःच्या कुंपणाची तार ताणत होता. समोरच्या उंचवट्यावर एक लोआ उभी होती आणि दोन हात मागे तिचा गडी. ती चालली की तोही तुरुतुरु चाले. ती मान वर करून चौफेर बघे, हा पठ्ठ्या निवांत चिखलात चोच खुपसून खाई. थोरगिल्सला हसू आलं. गडी काही मूर्ख नव्हता.

एकाएकी लोआने शीळ घातली आणि दोघेही भुर्रकन उडाले. चढावरून जीप वर आली. आतून ओलोफ उतरली.

“काल का आला नाहीस? जुळं अडलं होतं. एकटीने ओढून काढलं.”

“जगली?”

“दोन्ही. तुझं काय बिनसलंय?”

“लोक हसतात, लोआ.”

“तीन वर्षं हसतायत. तुला आत्ता ऐकू आलं?”

“मला काय म्हणतात, माहितीये तुला?”

लोआने बुटाचा चिखल दगडावर घासला. बराच वेळ घासला.

“माहीत नसायला काय झालं? मीच ठेवलंय ते नाव.”

थोरगिल्सच्या हातातली पक्कड तशीच राहिली.

“केटिलच्या बायकोच्या कानात एकदाच सांगितलं. तिला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. वाटलं, चिडवल्यावर तरी हा बाबा तोंड उघडेल. तू आपला कुंपणंच नीट करत बसलास.”

त्याचे कान लालबुंद झाले. ताणलेलीच तार त्याने पुन्हा ताणली. मग घसा खाकरून, खांबाकडे बघत तो म्हणाला,

“तुझ्या दारामागे कोट अडकवायला खुंटी एकच आहे.”

“हो. मग?”

“दुसरी ठोकायला हवी.”

लोआ जीपकडे वळली होती. तिने मागे न बघता सांगितलं,

“हातोडी घेऊन ये. खिळे आहेत घरात.”