रंगाऱ्याच्या घराचा रंग

मी घरं विकते, वीस वर्षं झाली. माझी जीभ तिखट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात आणि तरी परत माझ्याकडेच येतात, म्हणून मी ते मनावर घेत नाही. पण त्या गुरुवारी रंगारीकाकांवर मी जेवढी ओरडले, तेवढी आजवर कोणावर ओरडले नसेन.

काका चाळीस वर्षं लोकांची घरं रंगवत होते. शिडीवरून पडले, उजवा खांदा निकामी झाला, कामं सुटली, हप्ते थकले. बँकेनं घराच्या लिलावाची तारीख लावली. लिलावात घर मातीमोल जातं आणि उरलेलं कर्ज जामीनदाराच्या गळ्यात पडतं. आणि जामीनदार कोण, तर त्यांची लेक. बाविसाव्या वर्षी बापाच्या शब्दाखातर तिनं सही केली होती. आता तिच्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ होतं.

"माझं काय व्हायचं ते होऊ दे," काका मला म्हणाले होते. "पोरीला तेवढी यातून सोडव."

वाट एकच होती. लिलावाआधी मी गिऱ्हाईक आणायचं. त्याची किंमत कर्जाएवढी नसली तरी बँकेनं ती घ्यायची, उरलेल्या कर्जावर पाणी सोडायचं आणि लेकीला मोकळं करायचं. बँक अशी सहजासहजी ऐकत नाही. मी उंबरे झिजवले. शेवटी साहेब म्हणाला, "आमचा माणूस घर बघून किंमत ठरवेल. तेवढी येत असेल तर बघू." गिऱ्हाईक मी शोधून ठेवलंच होतं. इस्पितळातली एक नर्स, म्हाताऱ्या आईसाठी घर बघत होती. ओल आलेल्या भिंतींसकट तिला ते घर परवडत होतं. त्याच्या वर तिच्याकडे दमडी नव्हती.

"गुरुवारी माणूस येईल," मी काकांना बजावलं. "घर आहे तसं दाखवा. कशाला हात लावू नका."

काकांनी मान डोलावली.

गुरुवारी गेले तर रंगाचा वास फाटकापर्यंत आला. पुढची खोली फिकट बदामी झाली होती. ज्या भिंतीचे पोपडे गेल्या महिन्यात माझ्या अंगावर पडले होते, ती आरशासारखी गुळगुळीत. बँकेचा माणूस चष्मा कपाळावर चढवून तिच्यावरून हात फिरवत होता. "छान राखलंय हो," म्हणाला, आणि कागदावर 'स्थिती उत्तम' असं लिहिलं. काकांचा चेहरा खुलला. मला नर्सचा आकडा आठवला.

संध्याकाळी बँकेचा फोन आला. ठरलेली किंमत नर्सच्या ऐपतीपेक्षा दीड लाखानं वर गेली होती. मी तशीच काकांच्या घरी गेले.

"काका, घराबरोबर अक्कलही गहाण टाकलीत का?"

"मी सांगून थकले," काकू म्हणाल्या. "तीन दिवस डाव्या हातानं घासतायत. ऐकतील तर शपथ."

काका खाली बघत होते. "परका माणूस येणार आणि रंगाऱ्याच्या भिंती तशा बघणार. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं केली, आपलं राहूनच गेलं. म्हटलं, जाताना तरी." मग त्यांनी मान वर केली. "पोरीचं वाटोळं केलं का गं मी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. या माणसाला मी काय काय बोलले होते, याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत ठाण मांडून बसले. रंगाखाली ओल आहे, भेग आहे, परत येऊन बघा. चष्मेवाला म्हणाला, "मी हात फिरवलाय, बाई. भिंत ठणठणीत आहे." शेवटी कंटाळून सोमवारी यायला तयार झाला. लिलावाला नऊ दिवस उरले होते.

सोमवारी भिंत खरवडायला पट्टी मी हातात घेतली. काकांनी ती काढून घेतली.

"तुला नाही जमायचं. माझं काम आहे ते."

त्यांनी डाव्या हातानं पट्टी लावली. बदामी रंग आणि पुट्टी ओल्या ढेकळांसारखी खाली पडू लागली. आत काळपट ओल, आणि खिडकीपर्यंत गेलेली बोटभर भेग. चष्मेवाला वाकून बघत राहिला.

"एवढी भेग मला दिसली कशी नाही?"

"दिसणार नव्हतीच," काका म्हणाले. "मी भरली होती."

ते थांबेनात. तीन दिवसांचं काम अर्ध्या तासात खाली आलं. काकू पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. "पुरे, काका," शेवटी चष्मेवालाच म्हणाला. त्यानं 'उत्तम' खोडलं.

आकडा खाली आला. बँकेनं होकार दिला, उरलेलं कर्ज सोडलं. लेकीच्या सुटकेचं पत्र काकांनी दोनदा वाचलं आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. काका-काकू जवळच भाड्याच्या खोलीत राहायला गेले.

दोन महिन्यांनी नर्सचा फोन आला. ओलीचं काम झालं होतं, चांगला रंगारी हवा होता.

"एक आहे," मी म्हटलं. "डाव्या हाताचा. वेळ लागेल."

पहिल्या दिवशी मी काकांबरोबर गेले. दारापाशी त्यांनी बादली खाली ठेवली आणि सवयीनं खिशात हात घातला. किल्ली नव्हती. हात तसाच बाहेर काढून त्यांनी बेल वाजवली.

नर्सनं दार उघडलं.

"कुठला रंग लावायचा, बाई?" काकांनी विचारलं. "घर तुमचं. तुम्ही सांगाल तो."

तिनं खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं खरवडायचा राहून गेलेला बदामी तुकडा अजून होता.

"तोच लावा, काका. तुम्ही लावला होता तो."

काका चपला बाहेर काढून आत गेले आणि त्या भिंतीवर तळवा ठेवून उभे राहिले.

मी डोळे पुसले. नर्सनं विचारलं तर म्हटलं, रंगाचा त्रास होतो मला. डबा अजून उघडलाही नव्हता.