बाकावरच्या आजी

गाडीचं मागचं दार उघडलं आणि बाईंचा पोटचा मुलगा खाली उतरला. त्याच्या मागून सून. बाईंच्या काळजात असं धस्स झालं, की मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळत हिरवळीवर गेला.

"हसा," शेजारून कुजबुज आली. "गिऱ्हाईक आलंय. हसा आता."

हसतात कसल्या! बाईंची दातखीळ बसली होती. त्यांनी डोक्यावरची मोठी टोपी पार नाकापर्यंत ओढली आणि मान विणकामात खुपसली.

आता ही काय भानगड, ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, मुलगा आला तर आईनं तोंड का लपवावं?

शहर जिथे संपतं तिथून थोडं पुढे ही वसाहत उभी राहत होती. रस्ते ऐसपैस, झाडं नुकती लावलेली, दोन इमारती रंगवून तयार आणि बाकीच्या अजून परांच्यांत अडकलेल्या. घरं चांगली होती हो, त्यात खोट नव्हती. पण लोक यायचे, नळ सोडून बघायचे, खिडकीतून खाली डोकावायचे आणि 'कळवतो' म्हणून जे जायचे ते जायचेच. कारण खाली चिटपाखरू नसायचं.

विक्रीच्या मॅडमना हे बरोबर कळलं. त्या म्हणायच्या, "माणूस घर घ्यायला येतो तेव्हा भिंती बघतो, असं आपल्याला वाटतं. साफ खोटं. तो शेजार बघतो. चार बाल्कन्यांत कपडे वाळताना दिसले, कुणी म्हातारं माणूस निवांत बसलेलं दिसलं, की तो मनातल्या मनात सामान लावायला लागतो."

म्हणून मॅडमनी शेजार मांडला, दर रविवारी. चार बाल्कन्यांत दोऱ्या बांधल्या आणि त्यांवर ऑफिसातून आणलेले कपडे टाकले. गिऱ्हाईक यायच्या आधी त्यांवर पाणी मारायचं, म्हणजे धुणं ताजं दिसतं. निळा शर्ट एक होता, तो दर रविवारी धुतला जायचा आणि आयुष्यात कधी कुणाच्या अंगाला लागला नव्हता. वॉचमनच्या कुत्र्याला आंघोळ घालून लाल पट्टा बांधत आणि वायरमन त्याला फिरवत असे. हिशेबखात्यातली दोघं, जी एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत, ती नवराबायको होऊन सायकली चालवत. आणि बागेतल्या बाकावर आजी-आजोबा.

आजी म्हणजे आपल्या बाई. त्यांचा सगळा जन्म बालवाडीत गेला. मॅडम लहानपणी त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. बाईंचा चेहरा बघून रडणारं पोर गप्प होतं, हा अनुभव मॅडमनी स्वतः घेतलेला होता. असा चेहरा खोटं बोलेल असं कुणाच्या बापाला वाटेल?

आजोबा म्हणजे नाटक कंपनीतले जुने प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजण्यात हयात गेली, स्टेजवर पाऊल कधी पडलं नाही. ही त्यांची पहिली भूमिका. पण सवय कुठली जायला! बाकावर बसूनही ते बाईंना सूचना देत राहायचे. "हसा. माझ्याकडे बघा. वर बघून हात करा." आणि बाई चौथ्या मजल्यावरच्या नमुन्याच्या घराकडे बघून हात करायच्या. वर कोण उभं आहे ते त्यांना कधी दिसायचं नाही, लांबचं तसंही धूसरच दिसे.

आणि कुणी येऊन विचारलंच, "आजी, इथे करमतं का?" तर उत्तर ठरलेलं होतं. "अहो, आता इथून पाय निघत नाही!"

पहिल्या रविवारी बाईंना चोरी केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या रविवारी थोडं कमी. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की आपण बसतो ते तर खरंच बसतो ना! आणि खरं सांगायचं तर त्यांना तिथे आवडायला लागलं होतं. प्रॉम्प्टर गमतीचा माणूस. इतकं बोलायला त्यांना घरी कोण होतं?

घर म्हणजे दोन खोल्या. मुलगा छापखान्यात, सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये. दोघं सकाळी जात, अंधार पडल्यावर येत. मिळायचा तो रविवार, आणि त्या दिवशी बाई बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसलेल्या. नवराबायकोनं भांडायचं म्हटलं तरी कुजबुजत भांडायचं. बाईंना ते डोळ्यांनी दिसत होतं. म्हणून त्यांनी एक मैत्रीण पैदा केली. तिचा गुडघा धरलेला, ती एकटी, तिच्याकडे रविवारी जायलाच हवं. मुलगा म्हणाला, जा ना आई. सून म्हणाली, हो हो, जा. जरा जास्तच पटकन म्हणाली, असं बाईंना वाटलं.

आणि तीन आठवड्यांपूर्वी स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज त्यांच्या कानावर पडला होता. "घराचं आईंना आत्ता काही सांगू नकोस हं."

झालं! त्या दिवसापासून बाईंची झोप उडाली होती. दोघं घर बघताहेत, आपल्याला कळू देत नाहीत, म्हणजे त्या घरात आपली खोली नाही. याचा दुसरा अर्थ काय होतो, सांगा! विचारायची सोय नव्हती. विचारावं तर 'तू रविवारी कुठे जातेस' हा प्रश्न उलटून यायचा. चोराच्या मनात चांदणं. म्हणून बाई गप्प आणि पोरंही गप्प.

आणि आज ती दोघं इथे, बागेला लागून उभ्या केलेल्या गाडीतून उतरत होती. एरवी गाड्या पलीकडच्या फाटकातून यायच्या. आज तिथे डांबर टाकत होते.

"बाई, काय झालं?" प्रॉम्प्टरनी विचारलं. "चेहरा पांढराफटक पडलाय."

"माझा मुलगा आहे तो," बाई कशाबशा म्हणाल्या. "आणि ती सून."

प्रॉम्प्टरना आयुष्यात पहिल्यांदा वाक्य सुचलं नाही.

मॅडम दोघांना घेऊन इमारतीत गेल्या. जाताना बोलणं कानावर पडलं. "आज सह्या करून टाकू. कागद तयार आहेत. एकदा घर परत बघून घ्या." सह्या! म्हणजे हे काही आजचं बघणं नव्हतं. ही दोघं आधीच येऊन गेली होती. कधी? कुठल्या रविवारी? आपण तेव्हा इथे बसून दात काढत होतो?

"निघून जाते मी," त्या पुटपुटल्या आणि उठल्या. पण गुडघ्यात बळ नव्हतं. नसलेल्या मैत्रिणीला लावलेला गुडघा त्यांच्याच नशिबी आला होता. त्या परत मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात वर बाल्कनीत हालचाल झाली. "हात करा," प्रॉम्प्टर सवयीनं बोलून गेले, आणि काय सांगू, बाईंचा हात सवयीनं वर गेला! वरून कुणीतरी जोरजोरात हात हलवला. बाईंना रडू फुटायचं बाकी होतं.

थोड्या वेळानं मागच्या वाटेवर पावलं वाजली. तिघंही बागेत आली होती. बाईंनी टोपी आणखी खाली घेतली.

"आजी," सुनेचा आवाज अगदी पाठीशी आला. "तुम्ही आम्हाला ओळखत नाही. पण तुमच्यामुळे आम्ही हे घर घेतोय."

प्रॉम्प्टरनी बाईंकडे चोरून पाहिलं.

"खरंच हो. मागच्या महिन्यात आम्ही आलो होतो. वरून तुम्ही दोघं दिसलात, हसत होतात. तुम्ही हात केलात. मी यांना तिथल्या तिथे म्हटलं, ठरलं, हेच घर. याच्याआधी इतकी घरं बघितली, पण कुठे म्हातारं माणूस असं खुशीत दिसलं नाही. माझ्या सासूबाई आहेत. दिवसभर एकट्या असतात. रविवारी तेवढ्या एका मैत्रिणीकडे जातात. त्यांना अजून सांगितलेलं नाही, एकदम किल्ली हातात ठेवणार आहोत. त्यांची खोली बागेकडे तोंड करून घेतलीय. तुम्ही त्यांच्याशी बोलाल ना हो? खरं सांगा, इथे करमतं का?"

अरे देवा! ज्या खोलीसाठी त्या तीन आठवडे रात्रीच्या रात्री तळमळल्या, ती खोली होती. आणि ती घेण्याचं कारण त्या स्वतः होत्या. आपल्याच लेकरांसाठी गळाला लावलेलं आमिष!

"इथून पाय निघत नाही," शेजारून अगदी बारीक कुजबुज आली. मग तोच आवाज आणखी बारीक झाला. "नका म्हणू, बाई."

मॅडम समोर येऊन डोळे वटारून बघत होत्या. मुलाच्या खिशाला पेन होतं, सहीसाठी नवं आणलेलं दिसत होतं.

बाईंनी टोपी काढली.

"आई?" मुलगा किंचाळलाच. "तू? इथे?"

सून तोंडावर हात ठेवून दोन पावलं मागे सरकली. तिनं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा प्रॉम्प्टरकडे, आणि परत बाईंकडे.

"इथे कुणी राहत नाही," बाई म्हणाल्या. आवाज चिरकत होता, पण त्या थांबल्या नाहीत. "एक माणूस राहत नाही. ते कपडे ऑफिसचे आहेत, सकाळी पाणी मारून ओले करतात. कुत्रा वॉचमनचा. सायकलवाले ऑफिसातले नोकर. आणि मी ही अशी. रविवारी ऑफिसची गाडी मला कोपऱ्यावरून आणते आणि दुपारी नेऊन सोडते. सोमवारपासून इथे कावळासुद्धा फिरकत नाही. सही करू नका."

"बाई, काय हे!" मॅडमचा चेहरा लालबुंद झाला होता. "अहो, येतील ना लोक! कुणीतरी पहिलं यावं लागतं की नाही?"

"यावं ना," बाई म्हणाल्या. "पण त्याला सांग, की तू पहिला आहेस म्हणून. तू बालवाडीत रडायचीस, तेव्हा मी खोटं बोलायचे, आई आत्ता येईल म्हणून. पण तुझी आई यायची गं! इथे कोण येणार आहे संध्याकाळी?"

मॅडम हातातले कागद घेऊन ऑफिसकडे चालू लागल्या. बालवाडीत कोपऱ्यात उभं केल्यावर जशी मान खाली घालायच्या, तशीच घातली होती.

"आणि हे कोण?" मुलानं प्रॉम्प्टरकडे बोट दाखवलं. त्याला अजून काही म्हणजे काही झेपत नव्हतं.

"मी यांचा रविवारचा नवरा," प्रॉम्प्टर उभे राहून अदबीनं म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून घाईघाईनं गुंडा शोधायला हिरवळीत वाकले. एरवी कुणी पोट धरून हसलं असतं. आज कुणाला हसू आलं नाही.

सून हळूहळू बाकावर येऊन बसली. "आई, मग तुमच्या मैत्रिणीचा गुडघा?"

"मैत्रीणच नाही गं."

सुनेचे डोळे भरून आले. "एकही नाही?"

बाईंनी मान हलवली. हिरवळीत वाकलेले प्रॉम्प्टर तिथेच थबकले.

"मग आई, सुट्टीच्या दिवशी घर सोडून इथे उन्हात कशाला येऊन बसायचात? आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकायचंय! दोन खोल्या आणि तुम्हाला मिळतो एक दिवस. म्हटलं, मी नको मध्ये. एवढा एक दिवस तुम्हाला घर मोकळं मिळावं."

मुलानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं त्याच्याकडे. दोघांच्याही चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"आई," मुलगा म्हणाला, "आम्ही कुठे असायचो घरी? तू कोपऱ्यावर वळलीस की आम्ही निघायचो. सगळे रविवार तुझ्यासाठी घरं बघण्यात, मग पैशाची जुळवाजुळव करण्यात गेले. तू यायच्या आत परत यायचो, तुला कळू नये म्हणून."

बाईंना आधी ते समजलंच नाही. त्या नुसत्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"म्हणजे रविवारी घरी कोण असायचं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. कुलूप."

वर बाल्कनीत निळ्या शर्टाचं पाणी अजून ठिबकत होतं. बाई त्याच्याकडे बघत होत्या.

"आणि मी निघताना आपलं सगळं धुणं वाळत घालून जायचे," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटत असेल, केवढं भरलेलं घर आहे."