डावीकडची वाटी

“गेणबामामा, वाटी उजवीकडे कुणी ठेवली?” सशाच्या पिंजऱ्यापुढे उकिडव्या बसलेल्या करुणा मॅडमनी विचारलं.

गेणबानं झाडू भिंतीला टेकवला. आयुष्य मेंढरांत गेलेलं, खोटं बोलायचा सराव कधी झालाच नव्हता. “म्याच ठिवली. डाव्या अंगानं त्याला दिसत न्हाई. चारा म्होरं असून उपाशी राहतंय वो ते.”

कारेगावजवळच्या त्या प्रयोगशाळेत काचबिंदूच्या औषधाची चाचणी चालली होती. सशांच्या डाव्या डोळ्यातला दाब वाढवायचा, निम्म्यांना औषध घालायचं आणि कुणाला किती दिसतं ते बघायचं. त्यासाठी वाटी रोज डावीकडेच ठेवायची, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण अधू मेंढराला दिसत्या अंगाला चारा टाकायचा, ही गेणबाच्या घरची रीत. मेंढरं विकून दहा वर्षं झाली, तरी हातातली रीत काही विकली गेली नव्हती.

मॅडम रागावल्या नाहीत. दोन महिन्यांच्या नोंदी बाद कराव्या लागतील, एवढंच म्हणाल्या. मग हळूच बोलल्या, “मामा, तुम्ही वाटी फिरवत राहिलात, म्हणून त्याची नजर किती गेलीय ते कळलंच नाही. कळल्याशिवाय उपाय कसा करायचा?”

संध्याकाळी तो कवठे येमाईला घरी आला. बायको, कुशाबाई, भाकरी थापत होती. तो रोजच्यासारखा तिच्या उजव्या हाताला जेवायला बसला, आणि बसल्या बसल्या थबकला. उजवीकडेच का? दिवाळीत डावीकडचा चहा तिच्या हातून दोनदा सांडला, तेव्हापासून. पिठाचा डबा, काडेपेटी, मिठाची बरणी, सगळं उजवीकडे त्यानंच सरकवलं होतं. वर धांदरट म्हणून तिची चेष्टाही केली होती.

त्यानं पाण्याचा तांब्या गुपचूप तिच्या डावीकडे ठेवला.

“आवं, तांब्या कुठं ठिवला?” कुशाबाई समोर चाचपडत राहिली. तांब्या तिच्या गुडघ्यापासून वीतभर होता. गेणबानं हातातला घास ताटात परत ठेवला.

शिरूरच्या डॉक्टरांनी काचबिंदूच सांगितला. डावा डोळा गेला तो गेला. उजवा अर्धा शाबूत आहे, दोन वेळा थेंब घातले तर टिकेल. डावीकडचं बघायला मान वळवायची सवय मात्र लावून घ्यावी लागेल. वर्षभर आधी आला असतात तर डावाही वाचला असता, असं ते म्हणाले.

 परतीच्या एसटीत गेणबा म्हणाला, “म्याच झाकून ठिवलं तुझं.”

“तुमी माझं सोपं करत व्हता,” कुशाबाई म्हणाली. “मलाबी ते ग्वाड लागायचं. मंग मीबी बोलले न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला उंबऱ्यावर बसवलं. खालची पापणी अलगद ओढून थेंब घातला, आणि प्रयोगशाळेत सशांचा धरतात तसा डोळ्याचा कोपरा मिनिटभर बोटानं दाबून धरला. मग चहाचा कप तिच्या डावीकडे ठेवला आणि स्वतःही डावीकडेच बसला.

कुशाबाईचा हात समोरच्या मोकळ्या फरशीवर फिरू लागला. गेणबाचा हात दोनदा कपाकडे गेला. तो त्यानं मांडीखाली दाबून धरला.

तिनं हळूहळू मान वळवली. आधी तिला कप दिसला, मग गेणबा.